वार्धक्य आणि पोटातील कर्करोगाची शस्त्रक्रिया

जठर, मोठे आतडे, यकृत किंवा स्वादुपिंडातील कर्करोगाची गाठ काढणे ही पोटावरची मोठी शस्त्रक्रिया. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीसारख्या भागातील घरात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा रोग निघाला, की ‘ह्या वयात कापाकापी कशाला?’ हा प्रश्न बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) पोचण्याआधीच निघतो. तो मायेपोटी येतो. पण शस्त्रक्रिया कितपत झेपेल हे जन्मवर्षापेक्षा अंगात उरलेल्या ताकदीवर अधिक ठरते. रोज कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) फिरणारा 78 वर्षांचा शेतकरी, अंथरुणाला खिळलेल्या 65 वर्षांच्या माणसापेक्षा शस्त्रक्रिया चांगली सोसू शकतो.

ही ताकद अजमावण्याची एक चाचणी अगदी साधी आहे : खुर्चीवरून उठून 3 मीटर चालायचे, वळायचे आणि परत येऊन बसायचे. याला लागलेला वेळ, घटलेले वजन, हिमोग्लोबिन आणि स्मरणशक्ती यांवरून बराच अंदाज येतो. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर तिच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत अंडी, मासे, डाळी असा आहार, रोजचे चालणे, श्वसनाचे व्यायाम आणि विडी-तंबाखू बंद, एवढ्यानेही रुग्णाची तयारी सुधारते.

गाठ काढून आतड्याची टोके जोडल्यावर ती जोडणी गळण्याचा धोका तरुणालाही असतो. फरक पडतो तो त्यानंतर. तरुण बहुधा सावरतो; वृद्धाच्या बाबतीत त्यामागून न्यूमोनिया, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा त्रास उद्भवू शकतो. काहींना रात्री भ्रम होतो, माणसे ओळखू येत नाहीत. घरचे घाबरतात, पण बहुधा काही दिवसांत तो ओसरतो. चष्मा, श्रवणयंत्र आणि उशाशी ओळखीचे माणूस यांचा त्या वेळी मोठा आधार असतो.

सर्वांत वाईट निकाल तातडीच्या शस्त्रक्रियेचे. शौचातले रक्त मूळव्याध म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढले आणि आतडे बंद पडल्यावर रुग्ण आणला, तर मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

इस्पितळाचा सरावही महत्त्वाचा. शल्यचिकित्सक बर्कमायर यांच्या 2002 सालच्या अमेरिकी अभ्यासात, मुख्यतः 65 वर्षांवरील रुग्णांत, स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू अत्यल्प शस्त्रक्रिया करणाऱ्या इस्पितळांत 16 टक्क्यांच्या, तर सर्वाधिक करणाऱ्यांत 4 टक्क्यांच्या आसपास होते. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेसाठी जवळचे छोटे इस्पितळ सोडून गोमेकॉसारख्या मोठ्या संस्थेपर्यंतचा प्रवास करणे योग्य ठरते. गोवा सरकारची 2016 सालची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना खर्चाचा काही भार उचलते.

ताकद फारच कमी असेल, तर गाठ न काढता आतड्याला पर्यायी वाट करून देणे, अडथळ्यात नळी बसवणे आणि वेदनाशमन हेही रीतसर उपचारच आहेत.