मेंढरं दुप्पट, पण लेकरं तेवढीच

  कुणी लोकलमध्ये ऐकत असेल, कुणी रात्री लाइट बंद करून. आजचा विषय थोडा जड आहे, पण शेवटपर्यंत थांबा.

माझे पप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचा शेवटचा व्हॉइस नोट अजून माझ्या फोनमध्ये आहे. चार सेकंदांचा. "पोहोचलीस का गं?" एवढंच. नवीन फोन घेतला तेव्हा सगळ्यात आधी तो सेव्ह केला.

मातीच्या दिवशी एक काकू मला म्हणाल्या, "रडू नकोस बाळा, देव दुप्पट देतो. ईयोबाला दिलं ना!" त्या प्रेमानेच बोलल्या. मी मान हलवली. पण मनात आलं, दुप्पट म्हणजे काय? दोन पप्पा?

खूप दिवस बायबल उघडलंच नाही. मग एकदा रागारागातच ईयोबाचा शेवटचा अध्याय काढला. तुम्हीही वाचा. मेंढरं सात हजार होती, ती चौदा हजार झाली. उंट तीन हजारांचे सहा हजार झाले. पण लेकरं? आधी सात मुलगे, तीन मुली. नंतरही सात मुलगे, तीन मुली. दुप्पट नाही. मी तिथेच थांबले. मेंढरं मोजता येतात, बदलून मिळतात. माणूस बदलून मिळत नाही. आणि हे देवालाही माहीत आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग पुनर्स्थापना म्हणजे नक्की काय? मला याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावात सापडतं, पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. दुष्काळात वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरले. थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा झेलम नदीच्या काठी खड्डे खणून अंगावर कोरडी वाळू ओढून झोपले. 1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं, पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीचं निधन झालं. चोवीस वर्षंही पूर्ण नव्हती, आणि आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले. कडेवर एक तान्ही मुलगी.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता तुम्हाला वाटेल, झालं, सगळं ठीक झालं. नाही. मनाला खरी शांती मिळायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा तुमचं मन दोन महिन्यांत सावरलं नाही, तर तुमचा विश्वास कमी आहे असं कुणालाही म्हणू देऊ नका.

आणि मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात लोक भुकेने मरत होते. रमाबाई तिथे गेल्या. कारण पोटात अन्न नसणं म्हणजे काय, डोळ्यांसमोर आई जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. जवळजवळ तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्यांची आई परत आली नाही. पण आई नसलेल्या कितीतरी मुलींना आई मिळाली.

मित्रांनो, पुनर्स्थापना मला इथे दिसते. गेलेली वस्तू परत हातात येणं एवढाच तिचा अर्थ नाही. पौल करिंथकरांना हेच सांगतो: देव आमचं सांत्वन करतो, म्हणजे आम्हालाही दुसऱ्यांचं सांत्वन करता यावं.

शेवट गोड करून सांगायचा मोह होतो, पण खरं तेच सांगते. 1921 मध्ये मनोरमाही गेली. एकुलती एक लेक, आईच्या कामातली उजवा हात. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं होतं. ते पूर्ण छापून आलं त्यांच्या मृत्यूनंतर. आशा म्हणजे दुःख संपणं नव्हे. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. मग आपण का लपवायचं?

या आठवड्यात एकच गोष्ट करा. तुमच्या ओळखीत कुणाचं माणूस गेलंय, त्याला फोन लावा. वचन फॉरवर्ड करू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या आणि म्हणा, "त्यांच्याबद्दल सांग ना." आणि ऐका.

मी मागच्या महिन्यात तेच केलं. आमच्या चर्चमधल्या एका मुलीचे वडील गेले. तिला दुप्पट वगैरे काही सांगितलं नाही. विचारलं, "त्यांचा आवाज आहे का फोनमध्ये?" तिने एक नोट लावला. मग मी माझा लावला. चार सेकंदांचा. दोघी रडलो, आणि मग हसलोही.

चला, प्रार्थना करू या. हे प्रभू, जो कुणी आज एकटा ऐकतोय, त्याच्याजवळ बस. त्याची माणसं तू विसरला नाहीस, हे त्याला कळू दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.