धनकोंचा एकच आकडा

गेवराई हा कापसाचा पट्टा, म्हणून देण्यांच्या हिशेबाचे उदाहरण इथल्या जिनिंगचेच घेऊ. ऐन हंगामात देणी किती असे विचारले, की खतावणीतून ‘धनको’ हा एकच आकडा पुढे येतो. त्यात कापूस, हमाली, वीजबिल, यंत्राचे सुटे भाग, जीएसटी सगळे कोंबलेले असते. मुदत मात्र प्रत्येकाची निराळी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. चुकल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय एप्रिल 2024 पासून असे थकलेले बिल चुकते होईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरत नाहीत. निव्वळ व्यापाऱ्याच्या बिलाला हे नियम लागू नाहीत. म्हणजे सुटा भाग बनवणारा आणि तोच विकणारा दुकानदार, हे दोन धनको वेगळेच लिहायला हवेत.

मुनीम एकटा, एवढे करणार कोण, ही तक्रार रास्त वाटते. पण पुरवठादाराचे खाते उघडताना त्याचा उद्यम नोंदणी क्रमांक आणि देय तारीख एकदाच टिपायची असते. गल्ल्यात पैसाच नसेल तर वर्गवारी काय कामाची, असेही कोणी म्हणेल. अहो, पैसा अपुरा असतो तेव्हाच तर आधी कोणाला द्यायचे हे ठरवावे लागते!