धुराचा दाम, हाताला काम



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर चार शब्द बोलावेत आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी जावं, असा रिवाज आहे. चंद्रपुरात उभं राहून तो मला पाळता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा हे शहर चौथं आलं. इथल्या माणसाचा श्वास ज्याला साहित्याबाहेरचा विषय वाटतो, तो कोणासाठी लिहितो?

माझी मागणी सरळ आहे. कोळशाच्या धुराला दाम लावा, तो जाळणाऱ्याकडून वसूल करा आणि त्यातला पहिला वाटा कोळसापट्ट्यातल्या हातांना काम देण्यासाठी कायद्याने राखून ठेवा.

घरी गेल्यावर विजेचं बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. कोळसा महागला की त्याची पै न पै इंधन समायोजनातून तुमच्याकडून घेतली जाते. पण दुर्गापूर-ऊर्जानगरातली बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काळ्या धुळीमुळे पुन्हा धुवायला काढते, घुग्घुसचा म्हातारा रात्रभर खोकतो, त्याचा आकार या बिलात कुठे आहे? तो खर्च आपण औषधाच्या दुकानात भरतो. इथलं 2920 मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र साऱ्या राज्याला उजेड पुरवतं आणि राख इथेच राहते.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. 2010 मध्ये केंद्राने कोळशावर टनाला 50 रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला. 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. विजेच्या युनिटमागे हे साधारण 25 पैसे होतात. 2010-11 ते 2017-18 या काळात 86 हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातले 30 हजार कोटीसुद्धा पोचले नाहीत, आणि प्रकल्पांवर खर्च झाले जेमतेम 16 हजार कोटी. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला. 22 सप्टेंबर 2025 पासून तर उपकरच गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. आता कर लागतो किमतीवर. म्हणजे कोळसा जितका निकृष्ट, जितका राखेचा, तितका टनामागचा कर कमी! चंद्रपूरने हा हिशेब मुकाट्याने का मान्य करावा?

कोणी म्हणेल, कर लावून काम मिळतं हे पुस्तकी बोलणं झालं. महाराष्ट्रात राहून असं म्हणणाऱ्याला महाराष्ट्र ठाऊक नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना या राज्यात लाखो हातांना काम देऊ लागली. तिच्यासाठी 1975 मध्ये पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर लावला गेला. 1977 मध्ये कामाचा हक्क कायद्यात आला, आणि 2005 मध्ये देशाने त्याच वाटेने राष्ट्रीय कायदा केला. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या कुदळीला मजुरी देण्याची हिंमत ज्या राज्याने दाखवली, त्याला धुराच्या पैशातून सौर पंप बसवणाऱ्या, पवनचक्की दुरुस्त करणाऱ्या, खाणीच्या पडीक जमिनीवर झाडं जगवणाऱ्या हातांना मजुरी देता येणार नाही?

दुसरा आक्षेप कामगारांचा आहे, आणि मी तो मान खाली घालून ऐकतो. खाण बंद झाली तर पोरांनी खायचं काय? याच प्रश्नाचं उत्तर 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावाला कोणी दिलं नाही. गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि कामगार घरासाठी अर्ज भरत म्हातारा झाला. कोळशाचीही ओहोटी कधीतरी येणारच. त्या दिवशी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कायम कामगाराला निदान निवृत्तिवेतन असेल. ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणाऱ्याच्या हातात काय असेल? म्हणून निधी आजच उभारायचा, खाणी चालू असताना.

तिसरा आक्षेप असा की धूर पाश्चात्त्यांनी केला, दाम आम्ही का द्यावा? त्यांचं देणं मोठं आहे आणि ते मागत राहिलंच पाहिजे. पण 1 जानेवारी 2026 पासून युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम आणि सिमेंटवर कार्बनचा आकार लागू केला आहे. जो दाम मूळ देशात भरला गेला असेल, त्याची त्यातून वजावट मिळते. इथे वसूल केला नाही, तर आपल्या पोलादाच्या धुराचा पैसा ब्रुसेल्सच्या तिजोरीत जाईल. तो गडचांदूर-राजुऱ्याच्या पोरांच्या प्रशिक्षणाला यावा, असं म्हणणं स्वदेशीच आहे.

आणि गरिबावर बोजा नको, हेही खरं. वसुलीतला एक वाटा दर कुटुंबाच्या खात्यात थेट आला पाहिजे, आणि कशाचा आला हे घराघरांत कळलं पाहिजे. कॅनडात परतावा मिळत असूनही अनेकांना तो उमगला नाही. लोकांचा राग वाढला आणि एप्रिल 2025 मध्ये सामान्य ग्राहकांवरचा तो आकार सरकारला मागे घ्यावा लागला. लोकांना न सांगता लावलेला कर टिकत नाही.

संमेलनं ठराव करतात आणि ठराव कपाटात जातात. मी आज मांडतो आहे त्या ठरावाचं तसं होऊ देऊ नका. धुराचा दाम दरवर्षी किती वाढेल हे कायद्यात लिहा, कोळसा जिल्ह्यांचा वाटा राखून ठेवा, ठेकेदारी कामगाराला पहिला हक्क द्या आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडा. एवढ्या चार ओळी. त्या आपापल्या ग्रामसभेत मंजूर करून घ्या. प्रत घेऊन खासदाराच्या दारात जा आणि संसदेत प्रश्न कधी विचारणार, ही तारीख त्यांच्याकडून लेखी घ्या. ती तारीख टळली, तर पुढच्या महिन्यात दुप्पट माणसं घेऊन परत जा. लेखकांनी सगळ्यांत पुढे चालावं. मी चालणार आहे.

जय महाराष्ट्र.