रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस



कॅन्सरच्या उपचारांत एक काळ फार अवघड जातो.
स्कॅन झालेला असतो... रिपोर्ट यायचा असतो.
हातात फाईल, आणि मनात एकच प्रश्न...
काय निघेल?

अशा वेळी ‘विचार करू नका’ म्हणून भागत नाही.
विचार येणारच.
आपण फक्त श्वासाकडे परत यायचं.

आत्ताच करून पाहू या.
पाठ टेकून बसा.
आत जाणारी हवा नाकपुडीला किंचित गार लागते...
बाहेर येणारी, कोमट.
तेवढंच जाणवू द्या...
मन रिपोर्टकडे धावेल. धावू दे.
लक्षात आलं, की पुन्हा श्वासाकडे परत यायचं.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं, की उलट घुसमटतं.
त्यांनी तळपायांकडे लक्ष न्यावं.
केमोनं पाय बधिर झाले असतील,
तर पंख्याचा आवाज ऐकावा.
तोही सरावच.

याला सजगता म्हणतात.
अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये
रुग्णांना ती शिकवायला सुरुवात केली.
आणि २०२३ मध्ये तिथल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं
चिंता कमी करण्यासाठी तिची शिफारस केली...
उपचार चालू असताना, आणि नंतरही.

एक मात्र नीट ऐका.
यानं गाठ बरी होत नाही.
औषधं, तपासण्या, डॉक्टर सांगतील तशाच.

आणि झोपच उडाली, जेवण तुटलं,
तर ते अंगावर काढू नका.
डॉक्टरांना सांगा.
समुपदेशकाची वेळ मागा.
घरच्यांनो, त्या भेटीला तुम्हीही सोबत जा.