चवदार तळ्याचे झरे



निमोण्याच्या माणसाला पाण्याचं मोल सांगायला नको. महाडचं चवदार तळं म्हणजे चार-पाच एकरांचं पाणी. पावसाचं अन् पोटातल्या झऱ्यांचं. गुरंढोरं तिथं पीत, आमच्या माणसांना मात्र मज्जाव. १९२४ साली नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले, तर सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र, दूध-दही ओतून तळे ‘शुद्ध’ केले. खालचे झरे वाहतच होते. ते काय कुणाला विचारून वाहतात?

पुढचं आपण फार कमी सांगतो. तळं आमचं आणि वहिवाट अनादी, असा दावा सनातन्यांनी कोर्टात लावला. डिसेंबरात मनाई हुकूम निघाला. परिषदेला जमलेल्या हजारोंनी तो पाळला, पाण्याला हात लावला नाही. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अशी अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही. दहा वर्षांना तीन दिवस कमी!

२० मार्चला आपण विहारात जमतोच. १७ मार्चलाही मुलांना हा खटला वाचून दाखवावा, एवढी आमची विनंती.