पेव वेगळे, कोठी वेगळी
(पातूर येथील बैठकीतील भाषण)



१९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळी चुकाऱ्यासाठी किती हेलपाटे घातले, ते इथे बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. आज भारतीय कपास निगमला कापूस दिला की चुकारा आधारला जोडलेल्या खात्यात येतो. हेलपाटे वाचले. पण त्याच खात्याचे कार्ड घ्यायचे, त्यावरच मोबाइलचे अॅप चालू करायचे, आणि वर्षाची कमाई खिशात घालून चहाच्या टपरीवर उभे राहायचे, हे काही खरे नाही.

आपल्या आजोबांची ज्वारी पेवात असायची. पेव रोज कोणी उघडत नसे. लागेल तेवढी ज्वारी काढून घरच्या कोठीत भरत. चुकाऱ्याचे खाते हे पेव समजा. त्याला अॅप जोडू नका. कोठीसाठी दुसऱ्या बँकेत मूलभूत बचत खाते उघडा. त्याला किमान शिलकीची अट नाही, कार्डाला वार्षिक आकार नाही. साहेब भारी कार्ड पुढे करतील. वर्षाचे किती कापणार, एवढेच विचारा. आपल्याला साधे रुपे कार्ड पुरते. मात्र अनुदानासाठी आधार जोडण्याच्या रकान्यात नव्या खात्याला संमती देऊ नका. दिली तर किसान सन्मानचे दोन हजारही कोठीत येऊन पडतील आणि तुम्ही पेवात शोधत बसाल!

मागल्या हंगामात तूर घेतो म्हणून एकाने मला फोन केला. "काका, विसार पाठवतो, पिन टाका." मी टाकला. चार हजार गेले. कोठीत तेवढेच होते म्हणून निभावले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन लागतो तो द्यायला. ही गोष्ट मला चार हजार देऊन कळली, तुम्ही फुकट घ्या.

असे झाले तर लाजून घरी बसू नका. त्याच घटकेला बँकेला कळवा, १९३० ला फोन लावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, आपण पिन दिला असेल तर कळवण्याआधीचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

अॅपचा पिन तयार करताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते. म्हणून कार्ड आणि मोबाइल दोन्ही एकदम कोणाच्या हाती देऊ नका, मग तो दुकानदार ओळखीचा का असेना.

आणि मायबहिणींनो, तुमचे जनधनचे रुपे कार्ड पेटीत लुगड्याखाली पडले असेल. त्यावर अपघात विमा आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्याला दोन लाख, आधीच्याला एक लाख. पण अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेले लागते. अॅपवरच्या व्यवहाराच्या भरवशावर राहू नका. दर दोन महिन्यांनी पातूरला याल तेव्हा एटीएममधून शंभर रुपये काढत जा.