पूल पाडण्याआधी विचारायचे कोणाला?



जुना पूल धोकादायक झाला की तो पाडलाच पाहिजे, याविषयी समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात संदेह असण्याचे कारण नाही. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रेल्वेमार्गावर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पादचारी पूल पडला. दोन्ही ठिकाणी ढासळला तो पायी चालणाऱ्यांचा भाग, आणि दोन्ही ठिकाणी माणसे दगावली. म्हणून ‘पूल पाडू नका’ ही घोषणा लोकहिताची ठरणार नाही. खरा प्रश्न आहे तो जुना पूल गेल्यापासून नवा उभा राहीपर्यंतच्या काळाचा. त्या काळाचा भार कोणी वाहायचा, आणि ते कोणी ठरवायचे?

प्रभादेवी आणि परळ यांना जोडणाऱ्या एल्फिन्स्टन पुलाचे उदाहरण घ्यावे. शंभराहून अधिक वर्षे या पुलाने गिरणगावाची पूर्व-पश्चिम ये-जा सांभाळली. शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी तो पाडून तेथे दुमजली पूल बांधण्याचे ठरले. एप्रिल २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांनी बंदीच्या योजनेवर नागरिकांच्या सूचना व हरकती मागवल्या. परंतु त्या मागवल्या कशावर? पूल केव्हा बंद करायचा आणि वाहने कोठून वळवायची, एवढ्यावरच. लगतच्या इमारतींतील रहिवाशांना मुख्य प्रश्न विचारायचा होता तो घराचा: आमचे पुनर्वसन कोठे आणि केव्हा? त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि बंदी पुढे ढकलावी लागली. पूल अखेर १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला.

लोकांना विचारत बसले तर कामे रखडतात, असा नोकरशाहीचा नेहमीचा आक्षेप असतो. एल्फिन्स्टनचा अनुभव नेमका उलटा आहे. जे आधी विचारायचे ते विचारले नाही, म्हणून हे महिने गेले. गोखले पुलाची कथा याहून बोलकी आहे. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तो बंद झाला आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली. तेव्हा दिसले ते असे की, नवा पूल आणि त्याला मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळ्यांत मोठे अंतर पडले होते. ते जुळवून जोडणी सुरू व्हायला जुलै उजाडला. ज्या यंत्रणा एकमेकींशी पुरेसे बोलत नाहीत, त्यांनी जनतेशी बोलण्यात वेळ जातो अशी तक्रार करणे शोभत नाही.

आता भाराच्या वाटणीकडे वळू. पर्यायी मार्गाच्या नकाशावर बाण दिसतात, माणसे दिसत नाहीत. एल्फिन्स्टन बंद होताच वाहने दादरच्या टिळक पुलाकडे आणि करी रोड, चिंचपोकळीच्या पुलांकडे वळली. करी रोड पुलावर सकाळी ७ ते दुपारी ३ एका दिशेने आणि त्यानंतर रात्रीपर्यंत विरुद्ध दिशेने वाहतूक, असे वेळापत्रक आखले गेले. मोटारीतल्या माणसाची त्यात अर्ध्या तासाची खोटी होते. बसच्या प्रवाशाला थांबा बदलतो, पायपीट वाढते. हातगाडीवाल्याची एक खेप बुडते, म्हणजे त्या दिवसाची मिळकतच घटते. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये परळच्या बाजूला आहेत. वरळी-प्रभादेवीहून निघालेल्या रुग्णाला वळसा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. याच स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. प्रवासी रुंद पुलाची मागणी त्याआधीपासून करत होते. ती वेळीच ऐकली असती तर? गर्दीचे ज्ञान गर्दीतल्या माणसाला असते, आणि नियोजनात त्याला किंमत नसते.

यातील राजकीय मर्म ध्यानात घेतले पाहिजे. मुंबई महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२५ अखेरपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. गोखले, कर्नाक, शीव आणि एल्फिन्स्टन हे चारही पूल याच काळात बंद झाले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. पण ज्याला जाब विचारायचा तो नगरसेवकच नसेल, तर हरकत नोंदवायची कोणापुढे? अशा वेळी लोकमत आजमावणे ही टपालपेटी होऊन बसते. पत्र आत पडते, उत्तर बाहेर येत नाही.

म्हणून कोठेही पूल बदलायचा झाला, तरी कार्यकर्त्यांनी चार मागण्या धराव्यात. बंदीची तारीख ठरण्यापूर्वी प्रभागात, मराठीत आणि काम सुटल्यानंतरच्या वेळी जाहीर सुनावणी व्हावी. पुलाचा तपासणी अहवाल व कामाचे वेळापत्रक लोकांपुढे ठेवावे. पायी चालणाऱ्यांची आणि रुग्णवाहिकेची सोय झाल्याखेरीज पूल बंद करू नये. आणि प्रत्येक हरकतीला, ती मान्य असो वा नसो, कारणांसह लेखी उत्तर मिळावे.

सुनावणी झाली तरी तेथे ऐटीत बोलणारे बोलतील आणि फेरीवाला, मोलकरीण, पाळीचा कामगार घरीच राहील, हा धोका आहेच. त्याला उपाय कायद्यात नाही. तो संघटनेत आहे. पुलाच्या दोन्ही तोंडांशी उभे राहून, कोण कोठून येतो, कशाने येतो आणि पूल गेल्यावर काय करील, याची नोंद कार्यकर्त्यांनी आठवडाभर जरी केली, तरी सुनावणीत ती वही मोठ्या भाषणापेक्षा जड ठरेल. पूल लोकांच्या पैशाने उभा राहतो. तो पाडताना लोकांचे म्हणणे ऐकणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. आणि ते त्याच्याकडून करवून घेणे हे कार्यकर्त्यांचे.